नवीन पार्टची रोड टेस्ट, प्रॉडक्शन सुरू करायच्या आधी: सोलापूरच्या युनिटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतली छोटी युनिटवाली मंडळी फोनवर, चहाच्या टपरीवर, लग्नात जेवताना सुद्धा हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी स्वतः रबर आणि मेटल जोडून बनणाऱ्या पार्टमध्ये आहे, म्हणजे सस्पेन्शनचे बुश (चाक धरणाऱ्या आर्मच्या सांध्यातली, मधे रबर असलेली नळी), इंजिन माउंटिंग (आपले मिस्त्री ज्याला फाउंडेशन म्हणतात ते), त्यामुळे उदाहरणं तीच येणार. तुमचा पार्ट वेगळा असेल तर तेवढं बदलून घ्या.

लॅबमध्ये पार्ट पास झालाय, मग रोड टेस्ट कशाला?

लॅबमध्ये आपण तेच विचारतो जे आपल्याला आधी सुचलेलं असतं. इतका लोड, इतक्या सायकल, इतकं तापमान, आणि मशीन इमानदारीने तेवढंच करतं. रस्ता न सुचलेलं विचारतो. आमचं इंजिन माउंटिंग लॅबमध्ये व्यवस्थित पास होतं, रबरला किती ताप लागतो ते आम्ही हायवेवर १०० च्या स्पीडला मोजलं होतं आणि तोच आकडा धरून बसलो होतो. मग मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री असताना, गाडीत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून दिवसभर फिरवली आणि लॉगरचा (आकडे नोंदवत राहणाऱ्या यंत्राचा) ग्राफ बघितला तर सगळ्यात वरचा आकडा पळताना नव्हताच, तो होता मोहोळच्या पुढे ड्रायव्हर चहाला थांबला तेव्हाचा! इंजिन बंद केलं की पुढून येणारी हवा थांबते, कूलंट फिरायचं थांबतं, आणि इंजिनातली सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते, त्यामुळे बंद केल्यावर पुढची काही मिनिटं तिथलं तापमान उलट चढतं. नॅचरल रबरला हे वारंवार झालेलं अजिबात चालत नाही, ते आधी कडक होतं मग चिरतं. ही गोष्ट पुस्तकात आहे, इंजिनवाले लोक तिला हीट सोक म्हणतात, आम्हाला ऐकूनही माहीत होती, पण टेस्ट प्लॅनमध्ये चहाचा थांबा कोणी लिहिलाच नव्हता ना.

तेव्हापासून आमच्या प्लॅनमध्ये थांबे लिहिलेले असतात. कुठे, किती वेळ, इंजिन बंद की चालू.

मग प्लॅनची सुरुवात कुठून करायची? किती किलोमीटर ते ठरवायचं का आधी?

नाही, आणि सगळे इथेच चुकतात. आधी कागदावर लिहा की हा पार्ट कसा कसा बिघडू शकतो. डिझाइन एफएमईए (पार्ट कसा बिघडेल आणि त्याने काय होईल याचा तक्ता) केलेला असेल तर तो उघडा, कस्टमरच्या ऑडिटसाठी भरून ठेवलेला नाही, खरा. बुश घेतला तर रबर फाटणं, रबर मेटलपासून सुटणं, रबर दबून कायमचं बसून जाणं, आवाज करणं, तेल लागून फुगणं. आता प्रत्येकाच्या पुढे लिहा की हे कशाने होतं. फाटणं होतं मोठ्या हालचालीने, म्हणजे खड्डे, स्पीड ब्रेकर, जोरात ब्रेक. आवाज बऱ्याचदा थंडीत आणि धुळीत. सुटणं हे बाँडिंगच्या केमिकलचं आणि ओलाव्याचं. बसून जाणं म्हणजे सतत लोड आणि ताप. हे झालं की रूट आपोआप समोर येतो आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी.

आम्ही एकदा उलटं केलेलं. तीस हजार किलोमीटर ठरवले आणि ते लवकर संपावेत म्हणून गाडी हैदराबाद रोडला चौपदरीवर सोडली, सकाळी जा संध्याकाळी ये. पार्ट पास. मार्केटमध्ये गेल्यावर चार महिन्यात तक्रारी सुरू. गुळगुळीत हायवेवर एका लयीत चाललेल्या गाडीचा बुश हलतोच किती ओ? ड्रायव्हरचा पगार, डिझेल, टायर, सगळं जाळून आम्ही सिद्ध काय केलं तर हायवे चांगला आहे.

सोलापूरच्या आसपास टेस्टसाठी रूट कसा आखायचा?

आमचा एक दिवसाचा सांगतो. चिंचोळीहून मोहोळ मार्गे पंढरपूर, तिथून मंगळवेढा आणि मंगळवेढ्याहून परत सोलापूर, हा गोल साधारण दीडशे किलोमीटरचा. मग तुळजापूर आणि परत, नव्वदच्या आसपास, यात घाट मिळतो म्हणजे चढाला इंजिन तापतं आणि उताराला ब्रेक. उरलेले तीसेक किलोमीटर शहरात, जुना पुणे नाका, सात रस्ता, आसरा चौक आणि एमआयडीसीच्या आतले रस्ते. एकूण २७० झाले, थांबे धरून एका शिफ्टमध्ये बसतात. आठवड्यातून दोनदा शेतरस्ता पण घेतो, काळ्या मातीचा, पावसाळ्यात हा चिखल वाळला की बुशच्या कडेला सिमेंटसारखा चिकटून बसतो आणि मग रबर हलताना त्यावर घासतं.

ऊस चालू असताना, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, टेस्ट असेल तर ते वेगळंच प्रकरण. दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागे तासभर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये सरकायचं, मग एकदम ओव्हरटेक, मग परत ब्रेक. क्लच, ब्रेक, माउंटिंग यांच्यासाठी हे सोनं आहे, पैसे देऊन मिळणार नाही. पण सरासरी स्पीड पडतो आणि दिवसाचे किलोमीटर कमी होतात हे शेड्यूलमध्ये धरा. तसंच जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला शहरातले रस्ते बदलतात आणि आषाढीला पंढरपूरच्या बाजूला गाडी घालूच नका, तो आठवडा सर्व्हिसिंग आणि मोजमापासाठी ठेवा.

सोलापुरात काय टेस्ट होत नाही?

कडाक्याची थंडी नाही, उंची नाही, समुद्राचं खारं वारं नाही. पाऊसही बेताचाच. गंजाचा प्रश्न असेल तर कोकणात गाडी ठेवा, थंडी आणि उंची लागत असेल तर लोक लेह-मनालीला नेतात. आपल्याकडे उन्हाळा आणि धूळ भरपूर, त्याचा फायदा घ्या. एप्रिल-मे टेस्टच्या मधोमध येईल असं बघा.

किती पार्ट टेस्टला लावायचे? दोन गाड्या पुरतात ना?

इथे थोडं गणित आहे पण सोपंय. एकही नग फेल झाला नाही असं धरून, ९० टक्के खात्रीने म्हणायचं असेल की १०० पैकी ९० पार्ट आयुष्य पूर्ण करतील, तर २२ नग लागतात. खात्री तीच ठेवून १०० पैकी ८० ला ११ पुरतात, ९५ ला ४५, आणि ९९ म्हणाल तर २३०. आता उलटं बघा. तीन नग लावले आणि तिन्ही पास झाले, तर त्याच ९० टक्के खात्रीने तुम्ही फक्त एवढंच म्हणू शकता की शंभरातले ४६ टिकतील. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोर्डवर लिहिलं तर मालक म्हणाले बोर्ड पुसा आधी, कस्टमर यायलाय.

२२ नग म्हणजे २२ गाड्या नव्हे. लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) दोन बुश धरले तर एका गाडीत दोन्ही बाजूंचे मिळून चार, सहा गाड्यांत २४ झाले. पण एकाच गाडीतले चार बुश तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, तोच लोड बघतात, त्यामुळे ते खरे स्वतंत्र नग नाहीत, हे रिपोर्टमध्ये कबूल करा. आणि सहा गाड्या परवडत नसतील तर नगांचा आकडा लॅबमध्ये पूर्ण करा आणि रस्त्यावर दोन-तीन गाड्या फक्त शिकायला ठेवा. हे चालतं, फक्त रिपोर्टमध्ये दोन गाड्यांच्या जोरावर ९० टक्के लिहू नका.

पार्ट कुठले घ्यायचे? सुपरवायझर चांगले निवडून देतो म्हणतोय.

सुपरवायझरला चहा पाजा आणि पार्ट स्वतः उचला! सुरुवातीची टेस्ट हाताने बनवलेल्या किंवा ट्रायल मोल्डच्या पार्टवर ठीक आहे, डिझाइन बरोबर आहे का तेवढं कळतं. पण प्रॉडक्शनच्या आधीची शेवटची टेस्ट ही खऱ्या मोल्डवर, खऱ्या मशीनवर, रोजच्या माणसांनी, रोजच्या स्पीडला काढलेल्या मालावरच. पीपीएपीसाठी (प्रॉडक्शनच्या आधी कस्टमरची मंजुरी घ्यायच्या कागदपत्रांसाठी) जो ट्रायल लॉट काढता, साधारण सलग ३०० नगांचा, त्यातूनच उचला. आणि मधलेच घेऊ नका. रबरची हार्डनेस ६० अधिक-उणे ५ असेल तर ५५ वाले पण हवेत आणि ६५ वाले पण, कारण मऊवाला बसेल आणि कडकवाला आवाज करेल किंवा चिरेल, आणि वर्षभर कस्टमरला जाणार आहेत ते सगळेच.

फिटिंग गॅरेजमध्ये करून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण समोर उभं राहून. आमचा सगळ्यात महागात पडलेला धडा हाच आहे. नवीन बुश, चार हजार किलोमीटरला फाटला. केमिस्टला झापलं, कंपाउंड (रबरचं मिश्रण) बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या, सप्लायरशी भांडण. मग दुसऱ्या गाडीचं फिटिंग बघायला मी सहज गेलो तर मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतलेली, चाकं खाली लटकलेली, आणि तशातच बुशचा बोल्ट पूर्ण टाइट करत होता. आता हा बुश बाँड केलेला असतो, आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि बाहेरची आर्मबरोबर फिरते, मधलं रबर फक्त पिळ खातं. लटकलेल्या स्थितीत टाइट केला तर गाडी खाली आल्या आल्या रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, उभ्या गाडीत सुद्धा. त्यावर प्रत्येक खड्डा. फाटेल नाहीतर काय करेल! बोल्ट हाताने लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचा टॉर्क द्यायचा.

म्हणून आता फिटिंगची शीट वेगळी असते. कोणी लावला, कधी, टॉर्क किती, गाडी चाकांवर होती का. टॉर्क दिल्यावर बोल्टच्या डोक्यापासून बॉडीपर्यंत पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ मारायची, मग पुढच्या प्रत्येक तपासणीत पाना न लावता नुसत्या बॅटरीच्या उजेडात कळतं की बोल्ट फिरलाय की नाही.

जुना पार्ट एका बाजूला आणि नवीन दुसऱ्या बाजूला लावून तुलना करू का?

मोह होतो, पण नको. आपल्याकडे गाडी डाव्या बाजूने चालते, रस्त्याची तुटलेली कड आणि साइडपट्टी डावं चाकच खातं, त्यामुळे दोन बाजूंचं काम सारखं नसतंच. शिवाय दोन बाजूंना वेगळ्या कडकपणाचे बुश म्हणजे गाडी ओढू शकते. जुने पार्ट एका वेगळ्या गाडीत सगळे लावा आणि ती त्याच रूटवर, त्याच दिवशी पळवा. ही गाडी मात्र ठेवाच, पैसे वाचवायला हीच गाडी पहिली कापली जाते आणि मग नवीन पार्ट ३० हजाराला आवाज करायला लागला की जुना किती हजाराला करत होता हे कोणालाच सांगता येत नाही.

किती दिवस लागतील?

५० हजार किलोमीटर धरू. दोन शिफ्ट म्हणजे दिवसाला ५०० च्या आसपास, तर १०० दिवस निव्वळ पळण्याचे. महिन्याला २५ दिवस धरले तर चार महिने, आणि तपासणी, सर्व्हिसिंग, पंक्चर, ड्रायव्हरच्या घरचं लग्न धरून पाच. प्रॉडक्शन ऑक्टोबरला सुरू करायचंय आणि रिपोर्ट ऑगस्टअखेर हवाय तर गाड्या एप्रिलच्या सुरुवातीला रस्त्यावर पाहिजेत, म्हणजे मोल्डचा माल मार्चमध्ये हातात. मोल्डच उशिरा आला तर टेस्ट कापू नका, कस्टमरला तारीख पुढे करून मागा. बोलणं खाल, पण कमीच खाल.

इंधनाचा हिशोब सोपा, १५ चं अॅव्हरेज धरलं तर एका गाडीला ३,३०० लिटरच्या वर. भाव आजचा तुम्हीच लावा.

टेस्ट ट्रॅकवर लवकर उरकता येते ना?

येते. पिथमपूरला इंदूरजवळ नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या टेस्टचं केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ ला सुरू झाला, शिवाय मुद्दाम खडबडीत केलेले रस्ते पण आहेत. आपल्याला जवळ म्हणजे नगरला व्हीआरडीई आणि पुण्याला एआरएआय, जी १९६६ पासून आहे, दोन्ही गाड्या तपासणाऱ्या संस्था. पण 'ट्रॅकचा एक किलोमीटर म्हणजे रस्त्याचे दहा' असलं कोणी ठोकून दिलं तर विचारा, कुठल्या पार्टसाठी? स्ट्रेन गेज (पार्टवर किती ताण येतो ते मोजणारी पट्टी) लावून दोन्हीकडे मोजावं लागतं आणि मग मायनरच्या नियमाने प्रत्येक झटक्याच्या नुकसानीची बेरीज करावी लागते. वेल्डिंगच्या जोडाला ताण २० टक्क्यांनी वाढला तर नुकसान पावणेदोन पटीच्या आसपास वाढतं, मशीन केलेल्या स्टीलला त्याहून बरंच जास्त. म्हणजे एकाच ट्रॅकचा गुणाकार प्रत्येक पार्टला वेगळा. आणि रबरचं तर असं की फार घाई केली तर ते आतून स्वतःच तापतं आणि अशा पद्धतीने फाटतं की रस्त्यावर कधी फाटलंच नसतं.

परवानगी काय लागते?

गाडी रजिस्टर असलेली, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टींपासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, त्यामुळे त्याच मापाचा बुश बदलणं वेगळं आणि इंजिन किंवा इंधन बदलणं वेगळं. ट्रेड सर्टिफिकेटवर (रजिस्टर न झालेली गाडी फिरवायच्या परवान्यावर) गाडी फिरवू का असं बरेच जण विचारतात, ते गाडी बनवणाऱ्यांसाठी आणि डीलरसाठी आहे, पार्टवाल्याने त्याच्या भरवशावर राहू नये. इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा. ब्रेक, स्टिअरिंग, चाक यातला पार्ट असेल तर लॅब टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय आणि गाडीवाल्या कंपनीची लेखी हो आल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर एक मीटर पण नको, रस्त्यावर शाळेची पोरं असतात. ड्रायव्हरचे तास पण बघा, धंद्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हरसाठी १९६१ च्या कायद्यात, जो २०२५ पर्यंत लागू होता, दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास होते, आपण त्याच्या वर जायचं कारण नाही.

आमचा पार्ट इंजिनच्या आतला आहे, रोड टेस्ट लागतेच का?

सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते पण आपल्याकडे प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी, इंजिनाच्या आतला पार्ट बनवणारी १९९२ ची कंपनी आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच. आतल्या पार्टचं बरंचसं काम टेस्ट बेडवर (गाडीबाहेर, स्टँडवर बांधून) इंजिन तासनतास पळवून होतं, तिथे ऑइल, ताप, स्पीड सगळं हातात असतं. रस्त्यावर मग तेवढंच बघायचं जे बेडवर होत नाही, छोट्या छोट्या फेऱ्या, थंड इंजिन, ऑइल बदलायला उशीर करणारा मालक.

ईव्हीच्या पार्टला वेगळं काय?

बॅटरीमुळे गाडी जड, टॉर्क सुरुवातीपासूनच पूर्ण, आणि इंजिनचा आवाज नसल्याने बुशची कुरकुर सरळ कानात. बाकी तेच.

डेटा लॉगर परवडत नाही, काय करू?

जीपीएस मोबाइलमध्ये आहेच. स्पीड ब्रेकर मोजायला आम्ही अक्कलकोटला मंदिराबाहेर मिळतो तो बोटात घालायचा जपाचा काउंटर वापरतो, शेजारी बसलेला हेल्पर प्रत्येक स्पीड ब्रेकरला टिक करतो, ड्रायव्हरला हे काम देऊ नका. दिवसाअखेर आकडा वहीत. हसू नका, दोन रूटमधला फरक आम्हाला त्यातूनच कळलाय. तापमानासाठी मात्र थर्मोकपल आणि साधा लॉगर घ्याच.

तपासणी कधी कधी करायची?

शून्याला, ५०० ला, १,००० ला, २,५०० ला, ५,००० ला आणि मग दर ५,००० ला. सुरुवातीला जवळजवळ, कारण फिटिंगच्या आणि प्रोसेसच्या चुका लवकर बाहेर पडतात. पार्ट दर वेळी काढू नका, काढला की टॉर्क गेला आणि टेस्ट बदलली. आणि धुवायच्या आधी फोटो! धूळ कुठे बसलीय, कुठे पुसली गेलीय, तेल कुठून आलंय, सगळं त्या मळावर लिहिलेलं असतं आणि आपला हेल्पर कौतुकाने प्रेशरने धुऊन चकाचक करून आणतो.

मधेच पार्ट फेल झाला तर दुसरा लावून पुढे चालू ठेवायचं?

फेल कशाला म्हणायचं हे टेस्ट सुरू व्हायच्या आधी लिहून सही घ्या. आमच्याकडे कडकपणा सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांच्या वर बदलला किंवा नखाने उचकटेल एवढी चीर दिसली की फेल. नाहीतर ४० हजाराला चीर दिसते आणि मग मीटिंगमध्ये 'ही चीर नाही, हा मोल्डचा मार्क आहे' सुरू होतं. दुसरा लावा, चालवा, पण त्याचं मीटर शून्यापासून. डिझाइन बदललं तर सगळ्यांचंच शून्यापासून.

ड्रायव्हर काहीच सांगत नाहीत, वहीत रोज 'ओके' लिहितात.

कारण तुम्ही वहीत 'ओके' एवढीच जागा ठेवलीय. आमच्याकडे एक ड्रायव्हर मामा आहेत, पन्नाशी ओलांडलेले, आधी ट्रकवर होते. त्यांच्या वहीत पण ओके ओके ओके. एकदा मी सकाळी सहाला शेजारी जाऊन बसलो, डिसेंबर होता, गार. नाक्यावरच्या पहिल्या स्पीड ब्रेकरला डाव्या बाजूने कुर्र. मी म्हणलं मामा हे काय? म्हणाले, "हे व्हय, हे महिनाभर हाय की. पहिल्या च्यापर्यंत करतंय मग गप बसतंय." रबर गार असताना कडक, पळून पळून गरम झालं की आवाज बंद, आणि आमची तपासणी रोज दुपारी गाडी आल्यावर. महिनाभर! मी विचारलं लिहिलं का नाही, तर म्हणाले, "तुमी इचारलंय का, आवाज कवा येतो म्हणून? गाडी ओके हाय का एवढंच इचारलंय."

आता वहीत चार रकाने आहेत, आवाज कुठून, कधी, कशावरून जाताना, कधी बंद झाला. मामा स्वतःच्या भाषेत लिहितात, कुर्र, खड्, टक्टक्, आणि आम्ही ते तसंच रिपोर्टमध्ये टाकतो, कस्टमरच्या पुण्याच्या इंजिनिअरला पण आता कुर्र आणि टक्टक् मधला फरक कळतो.

टेस्ट संपल्यावर गाडीतल्या पार्टचं काय करायचं?

निम्मे काढा, कापा, बाँडिंगची कड बघा, कडकपणा मोजा, लेबल लावून पिशवीत ठेवा, प्रॉडक्शन चालू आहे तोपर्यंत भंगारात देऊ नका. उरलेले काढू नका. एक गाडी कंपनीच्या रोजच्या कामाला लावा, डबे आणायला, माणसं सोडायला, आणि वही चालू ठेवा. आमची ती गाडी मामांकडेच आहे. सध्या ८६ हजारावर, सकाळची कुर्र नाही.